आधी आवाज ऐका, मग हौसिंग खोला



जिल्हा बैठकीच्या अंकात गाडीच्या मागच्या हौसिंगवर लेख म्हणजे काही जणांना थट्टाच वाटेल. कापसाचे आणि ज्वारीचे प्रश्न संपले काय, असेही कोणी विचारील. संपलेले नाहीत. पण बैठकीला आलात की मंडपाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकदा नजर टाका. त्यात जुन्या जीपा दिसतील, कमांडर दिसतील, चारही चाकांना जोर असलेली एखादी एमएम ५४० दिसेल. कापूस जिनिंगला न्यायचा तर हीच गाडी. कडबा आणायचा, फवारणीचे पिंप शेतात पोचवायचे, अडलेल्या बाळंतिणीला रात्री तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे तर हीच गाडी. ती दारात बंद पडली म्हणजे घरातला एक कर्ता माणूस आजारी पडल्यासारखे होते. आणि आजारी माणसाचे जे होते तेच तिचेही होते. निदान कोणी करीत नाही, औषधाचा खर्च मात्र सगळे करतात.

मी मावळातला, टाकवे बुद्रुकचा. पुणे-मुंबई रस्त्यावर कान्हे फाट्याला आत वळले आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला की आमचे गाव. तिथून पुढे खांडीपर्यंत आंदर मावळ पसरला आहे. हा भाताचा मुलूख. तुम्ही कोरडवाहू भागातले लोक पावसाची वाट पाहता, आम्ही तो उघडायची वाट पाहतो. तुमच्या गाडीचा शत्रू धूळ आणि ओझे, आमच्या गाडीचा शत्रू पाणी आणि चिखल. पण हौसिंग दोघांचे सारखेच, आणि त्यापायी नाडले जाण्याची रीतही सारखीच. म्हणून माझा अनुभव तुमच्यापुढे ठेवतो.

एक बिल आणि त्याचे उत्तर

माझ्याकडे जुनी एमएम ५४० आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या मागून घूं-घूं असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की आवाज वाढे. भाताची लावणी उरकली आणि मी गाडी हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. नाव सांगत नाही, कारण तक्रार एका गॅरेजाची नाही. गॅरेजवाल्याने गाडी फाटकापर्यंत नेली, परत आणली आणि सांगितले, "हौसिंग गेलंय. क्राऊन-पिनियन, बेअरिंगं, सगळं बदलावं लागंल. पस्तीस हजार धरून चाला."

मी काय विचारले? तुम्ही जे विचारले असते तेच. "काही कमी नाही का व्हायचं?" काय झाले आहे, कशावरून, असे मी विचारलेच नाही. कमी करण्याची त्याने एक वाट काढली. नव्याऐवजी जुन्या बाजारातली क्राऊन-पिनियनची जोडी बसवू, म्हणाला. मी घरातली एक कालवड विकली आणि पैसे मोजले.

आठ दिवसांनी गाडी घरी आणली. घूं-घूं तशीच होती. शिवाय नवे दुखणे जडले. चिखलात फोर-व्हील घातले की गाडी निघे, पण कडक जमिनीवर आली की खालून कटकट वाजे, गाडी आखडल्यासारखी चाले आणि फोर-व्हीलचा दांडा परत निघता निघत नसे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे आपण म्हणतो. इथे पखाल तर फाटलीच, रेडाही बरा झाला नाही.

शेवटी आंदर मावळातल्याच एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्याने पान्याला हात लावला नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "चालवा. मी सांगेन तसं." मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी हळूच डावीकडे घ्यायला लावली, मग उजवीकडे. डावीकडे वळताना आवाज वाढत होता, उजवीकडे वळताना दबत होता. "उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग," तो म्हणाला. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो. डावीकडे वळले की उजव्या चाकावर. ज्याच्यावर भार पडताच कण्हणे वाढते, तेच दुखावलेले. चाक उचलून हलवले तर खेळ हाताला लागला. बेअरिंग आणि सील मिळून खर्च झाला दोन हजारांच्या आत.

मग त्याने दुसरे दुखणे शोधले. मागचे एक चाक उचलले, दुसरे जमिनीवर ठेवले, गियर न्यूट्रलला घेतला. उचललेल्या चाकावर आणि मागच्या शाफ्टवर खडूची खूण केली. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवले आणि शाफ्टचे फेरे मोजले. पाच भरायला थोडे कमी पडले. पुढच्या बाजूला तसेच केले तर पाच आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त. म्हणजे पुढे मूळचे ५.३८ चे प्रमाण होते आणि मागे गॅरेजवाल्याने ४.८८ ची जोडी बसवली होती. पुढची चाके एका चालीने आणि मागची दुसऱ्या चालीने जाऊ पाहत होती. एका जुवाला एक तेज बैल आणि एक मंद बैल जुंपला की जू कोणाच्या मानेवर येते ते तुम्हाला सांगायला नको. इथे ते ट्रान्स्फर केसवर येत होते.

पस्तीस हजारांच्या बिलाचे उत्तर दोन हजारांत मिळाले. वर मागची जोडी पुन्हा बदलण्याचा खर्च झाला तो वेगळा. आणि एवढे शोधून काढणाऱ्या त्या मिस्त्रीने तपासणीचे किती घेतले? चहा. मी देऊ केले तरी घेतले नाहीत. म्हणाला, "अजून काही बदललं कुठंय?" या वाक्यावर मी पुढे येतो, कारण खरा घोळ तिथेच आहे.

हौसिंगात असते तरी काय

बैलगाडीची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. वळताना बाहेरचे चाक जास्त फेरे घेते, आतले कमी. कोणाचे काही अडत नाही, कारण गाडी बैल ओढतात, चाकांना कोणी जोर लावत नाही. मोटारीत इंजिनाने चाकांनाच जोर लावायचा असतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळताना एक चाक घसटले पाहिजे. ती अडचण सोडवतो तो डिफरन्शियल.

इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला छोटा दातेरी गियर असतो, तो पिनियन. काही गॅरेजांत त्याला टेल पिनियन म्हणतात. तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. विलीजच्या घराण्यातल्या कितीतरी जुन्या जीपांत पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात असतात. ४३ भागिले ८ म्हणजे सुमारे ५.३८. शाफ्टचे एवढे फेरे झाले की चाकाचा एक. क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यात छोटे स्टार गियर असतात. सरळ जाताना ते आपल्या आसाभोवती फिरत नाहीत, वळताना फिरतात आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने जाऊ देतात. हे सगळे ज्या लोखंडी पेटीत तेलात बुडून चालते ते हौसिंग.

विलीज जीप आपल्या देशात जुळवायला सुरुवात झाली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांच्या हातून, मुंबईत. पुढे सीजे ३बी, मग एमएम ५४०, कमांडर आल्या. इंजिने बदलली, टप बदलले, पण मागच्या धुऱ्यातली ही रचना मुळातून बदलली नाही. २०१० साली आलेल्या पहिल्या थारच्या मागच्या धुऱ्यातही पिनियन, क्राऊन आणि स्टार गियर आहेतच. म्हणून पुढे सांगतो त्या तपासण्या जवळजवळ सगळ्या जुन्या गाड्यांना लागू आहेत.

गॅरेजात जाण्याआधी

पहिली गोष्ट रस्त्याची. तोच वेग ठेवून डांबरावरून कच्च्या रस्त्यावर उतरा. आवाज एकदम बदलला किंवा गेला तर तो टायरचा. चिखलासाठी मोठ्या खाचांचे टायर घातलेली गाडी डांबरावर गुणगुणतेच. हौसिंगला रस्ता कोणता ते कळत नाही.

दुसरी गोष्ट वळणाची. ती वर सांगितलीच. मोकळी जागा आणि बेताचा वेग हवा. डावी-उजवी करताना आवाज वाढतो-दबतो तर आधी चाकाचे बेअरिंग पाहा. सरळ जाताना काहीच नाही आणि फक्त अरुंद वळणावर कटकट होते, तर स्टार गियरकडे संशय घ्या.

तिसरी गोष्ट पायाची. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. चाकाच्या बेअरिंगला इंजिन ओढते आहे की गाडी नुसती घरंगळते आहे याचा फारसा फरक पडत नाही. क्राऊन-पिनियनला पडतो, कारण दाबताना दातांची एक बाजू काम करते आणि सोडताना दुसरी. दाबले की बारीक किणकिण आणि सोडले की बंद, किंवा याच्या उलट, असे झाले तर संशय क्राऊन-पिनियनवर किंवा पिनियनच्या बेअरिंगवर जातो. पिनियन चाकाच्या पाचपटीहून अधिक वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या बेअरिंगचा आवाज वरच्या पट्टीतला असतो. चाकाच्या बेअरिंगचा खर्जातला.

चौथी गोष्ट ठोक्याची. गाडी पुढे घेताना किंवा पुढून रिव्हर्सला घालताना एकदाच 'टण्ण' वाजते काय? मग आधी शाफ्टचे क्रॉस पाहा. गाडी उभी करून, चाकांना पुढून-मागून दगड लावून खाली जा आणि शाफ्ट हाताने मागेपुढे पिळा. क्रॉसच्या दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या हलताना दिसल्या तर रोग तिथेच. क्रॉसचा खर्च आणि हौसिंगचा खर्च यांत शेळी आणि म्हशीचा फरक आहे. ठोका एकदाच न येता चालताना नेमाने येत राहिला तर मोजा. चाकाच्या एका फेऱ्याला एक ठोका म्हणजे क्राऊनचा दात तुटला असण्याची शक्यता. एका फेऱ्यात पाचाच्या वर ठोके म्हणजे पिनियनचा. असा ठोका ऐकू आला की गाडी थांबवा, पुढे रेटू नका.

पाचवी गोष्ट फोर-व्हीलची. आपल्या जुन्या जीपांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील घातले की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. चिखलात चाके थोडी घसरतात आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो सुटत नाही. गाडी आखडते, खालून वाजते, दांडा अडकतो, आणि आपण म्हणतो हौसिंग गेले. गाडी थोडी मागे घ्या, दांडा सुटेल. टायरही पुढे-मागे एकाच मापाचे ठेवा. पुढे झिजलेले आणि मागे नवे, हीसुद्धा तीच भानगड. एवढे करूनही आखडते तर खडूने फेरे मोजून प्रमाण पडताळा.

एक इशारा मात्र ठळक अक्षरात समजा. विलीजच्या घराण्यातल्या अनेक जुन्या जीपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जॅकने उचलले की हँडब्रेक असून नसल्यासारखा. शाफ्ट बांधलेला राहतो, पण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक घरंगळू शकते. गाडी जॅकवरून उतरते आणि खाली माणूस असतो. म्हणून सपाट जागा, जमिनीवरच्या चाकांना दोन्हीकडून दगड, आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम लाकडी ठोकळा. हे नसेल तर खाली जाऊ नका.

तेल खोटे बोलत नाही

कानाने जे कळले ते तेलाकडून पक्के करून घ्या. हौसिंगला दोन नट असतात. एक वरच्या अंगाला, तेल भरायचा. एक तळाला, काढायचा. आधी वरचा सुटतो का ते बघा. तळाचा उघडून तेल सांडले आणि वरचा गंजून बसला असला तर गाडी तिथेच पडून राहील.

वरच्या भोकात बोट घाला. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागले पाहिजे. कमी असेल तर गेले कुठे ते शोधा. पिनियनच्या सीलपाशी ओल आहे? की मागच्या चाकाच्या आतून तेल ब्रेकवर उतरले आहे? ब्रेकला तेल लागले तर ते हौसिंगच्या आधीचे काम.

मग थोडे तेल पांढऱ्या कपड्यावर घेऊन उन्हात धरा. चहासारखे दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. आमच्याकडे हे फार होते. गाडी चालून हौसिंग तापलेले असते, ती तशीच ओढ्यात घातली की आतली हवा एकदम आकसते. हौसिंगच्या वर हवा येण्याजाण्याची छोटी नळी असते, ब्रीदर. ती चिखलाने बुजलेली असली तर हवेला वाट राहत नाही आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. लोणावळ्याहून राजमाचीकडे उधेवाडीच्या कच्च्या वाटेने पावसाळ्यात गाड्या घालणाऱ्यांना हे दुखणे ठाऊक असते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ओढ्याला पाणी कुठे आहे? पण तुमच्या काळ्या मातीची धूळ तोच ब्रीदर बुजवते. मग उलटे होते. ओझ्याने हौसिंग तापते, हवा फुगते, वाट मिळत नाही आणि ती तेलाला सीलबाहेर ढकलते. तेल संपत जाते, क्राऊन कोरडा पडतो आणि मार्चच्या उन्हात कडबा वाहताना एक दिवस गाडी ओरडू लागते. ब्रीदर साफ करायला पैसा लागत नाही. फडके आणि थोडे डिझेल लागते.

कपड्यावर तेल चांदीच्या वर्खासारखे चमकले तर बेअरिंग किंवा दात झिजत आहेत. तळाच्या नटावर लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मऊ लगदा सापडेल. तो थोडाफार जुन्या गाडीत असायचाच, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर मात्र हौसिंग उघडल्यावाचून गत्यंतर नाही. उघडण्याचे खरे कारण हे. नुसती घूं-घूं हे कारण नव्हे.

उघडायचेच ठरले तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली. एक जुना आणि एक नवा बसवायचा नाही. दुसरे, दात एकमेकांत किती खोल बसतात ते पातळ शिमांच्या आधाराने ठरवावे लागते. ही मापे मिलिमीटरच्या दशांशात असतात, अंदाजाने जमत नाहीत. जाणते मिस्त्री दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून क्राऊन फिरवतात आणि ठसा कुठे उमटतो ते पाहतात. ठसा दाताच्या मधोमध हवा, टोकाला किंवा बुडाला नको. तुमच्या मिस्त्रीला विचारा, ठसा बघणार ना? तो हसून उडवून लावू लागला तर गाडी परत न्या. शेंदरात शिसे असते, हात धुवूनच भाकरीला बसा, हेही जाता जाता सांगतो.

मिस्त्री लुटारू नाही

आता त्या वयस्कर मिस्त्रीच्या वाक्याकडे येतो. "अजून काही बदललं कुठंय?" म्हणजे बदलले तर पैसे, शोधले तर चहा. ही रीत मिस्त्रीने पाडलेली नाही, आपण पाडली आहे. तासभर गाडीत बसून, कान लावून, खाली झोपून त्याने रोग शोधला आणि म्हटले, "काही नाही, ब्रीदर बुजलाय," तर आपण त्याला किती देतो? वीस रुपयेही जिवावर येतात. "नुसतं बघितलं तर त्यानं," असे म्हणतो. त्याने हौसिंग उतरवून सगळे उघडून टाकले, चार डबे भरून सुटे भाग मांडले, की आपल्याला काम झाल्यासारखे वाटते आणि आपण कालवड विकतो.

ज्याने निदान केले तो उपाशी आणि ज्याने लोखंड बदलले तो तुपाशी, अशी व्यवस्था असेल तर गॅरेजवाला निदान का करील? तोही पोटासाठीच बसला आहे. आपल्या मालाला कष्टाचा आणि अकलेचा दाम मिळावा म्हणून आपण बैठका घेतो. मग मिस्त्रीच्या कानाचा दाम द्यायला आपला हात का आखडतो? मला वाटते, आपली सगळ्यात महागडी सवय ही आहे. तपासणीचे तीनशे-चारशे रुपये वाचवायला जाऊन आपण पस्तीस हजार घालवतो.

माझे म्हणणे सरळ आहे. गॅरेजात गेल्यावर पहिला प्रश्न "किती होतील?" हा नको. "तपासायचे किती घ्याल?" हा हवा. ते पैसे रोख द्या, रोग निघो वा न निघो. मग त्याला सांगा, कशावरून म्हणता ते मला दाखवा. चाकाचा खेळ दाखवा, तेलातला तुकडा दाखवा. पटले तर कागदावर लिहून घ्या, काय बदलणार, नवे की जुने, आणि किती. बदललेले भाग परत मागा. मी ते मागितले असते तर माझी मूळची धडधाकट जोडी आज माझ्या घरी असती. ती कोणाच्या गाडीत फिरते आहे, देव जाणे.

कोणी म्हणेल, आपल्याला यातले काय कळते, आपण शेतकरी माणसे. हे मला मुळीच मान्य नाही. बैल लंगडतो तेव्हा खुरात काटा आहे की खांदा सुजला आहे हे आपण चालीवरून ओळखतो. बोंड फोडून अळी कोणती ते सांगतो. दोन आवाजांतला फरक ओळखणे त्याहून अवघड नाही. लोखंड पाहिले की आपण निमूट पाकीट काढतो, एवढेच.

दुसरे कोणी म्हणेल, एवढी चौकशी केली तर गॅरेजवाला गाडीला हातच लावणार नाही. तालुक्यात एकच जाणता मिस्त्री असेल तर ही भीती अगदी खोटी नाही. पण तपासणीचे पैसे पुढे करून विचारणारा आणि फुकट हुज्जत घालणारा यांतला फरक मिस्त्रीला कळतो. जो दाखवायला तयार नाही, त्याच्याकडे दाखवण्यासारखे बहुधा काही नसते.

याच्या उलटा अपराधही आपण करतो, तोही सांगितला पाहिजे. "चालतंय तोवर चालू दे." पिनियनचे बेअरिंग वर्षभर ओरडत असते, आपण टेपचा आवाज वाढवतो. बेअरिंग ढिले झाले की पिनियन जागेवरून हलतो, दात चुकीच्या जागी घासू लागतात, आणि बेअरिंगच्या पैशात भागणारे काम क्राऊन-पिनियनवर जाते. त्याहून वाईट म्हणजे तुटलेला दात दोन गियरांत अडकला तर मागची चाके चालत्या गाडीत जाम होऊ शकतात. घाटात, माणसे भरलेल्या गाडीत हे झाले तर काय होईल याचा विचार ज्याचा त्याने करावा. वेळेवर शोधणे म्हणजे फक्त पैसे वाचवणे नव्हे.

बिल घेतले असेल आणि फसवणूक झालीच तर दाद मागायची सोय आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०२२ सालच्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टलही काढले, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. पण कायदा कागद मागतो. चिठोऱ्यावर आकडा लिहून घेणाऱ्याला कोणताही आयोग काय मदत करणार? माझ्याजवळ त्या पस्तीस हजारांचा कागद नव्हता.

शेवटी एक सूचना. पुढच्या जिल्हा बैठकीला मंडपाबाहेर एक जुनी जीप उभी करू. जॅक, ठोकळे, खडू, पांढरे फडके आणि एक जाणता मिस्त्री, एवढे पुरे. मिस्त्रीला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे आधी देऊ, वर्गणी काढून. ज्यांच्या गाडीच्या मागून आवाज येतो त्यांनी गाडी घेऊन यावे आणि चाके हाताने फिरवून पाहावीत. मुलींना आणि पोरांनाही आणा, त्यांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. टाकव्याहून मी माझी जीप घेऊन येतो. तिचे मागचे प्रमाण आता पुढच्याइतकेच आहे. कोणालाही मोजून घेता येईल.